थेम्सकाठच्या जुन्या पबचे वय कोणत्या बाजूने मोजावे?

वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : लंडनच्या पूर्व भागात, वॉपिंग येथे थेम्सच्या काठावर उभा असलेला ‘प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी’ हा पब १५२० सालच्या सुमाराचा असल्याचे सांगितले जाते, रस्त्यावरून पाहिले तर मात्र त्याची दर्शनी भिंत फार तर दोनशे वर्षांची वाटते. मग या वास्तूत खरोखर जुने काय आहे, आणि नदीकाठच्या पबांची ठेवण शहरातील इतर पबांपेक्षा वेगळी का असते? जुन्या विटांच्या इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हेच माझे काम असल्यामुळे या प्रश्नाकडे मी इतिहासकाराच्या नव्हे, तर बांधकाम जाणणाऱ्याच्या नजरेने पाहतो आणि उत्तरही त्याच अंगाने देतो.

आधी सरळ उत्तर. प्रॉस्पेक्टमध्ये सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे ती जागा आणि त्या जागेचा वापर. त्यानंतर तळमजल्यावरची दगडी फरशी. सुमारे चारशे वर्षांची मानली जाणारी ही फरशी आरंभीच्या इमारतीचा उरलेला एकमेव भाग समजली जाते. भिंतींवरचे लाकडी तावदानकाम, म्हणजे भिंतीला लावलेल्या चौकटबंद फळ्या, अठराव्या शतकातील आहे आणि रस्त्याकडचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातील आहे. जुनी इमारत आगीत सापडल्यावर पब नव्याने उभा राहिला आणि शेजारी नांगर टाकणाऱ्या, उत्तरेकडून कोळसा आणणाऱ्या एका जहाजावरून त्याला आजचे नाव मिळाले. त्यापूर्वी लोक त्याला ‘सैतानाचा गुत्ता’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. १९५० साली या वास्तूला द्वितीय श्रेणीचे संरक्षण मिळाले आणि त्यानंतर लगेच, १९५१ साली, आत बराच फेरफार झाला. म्हणजे १५२० हे साल इमारतीचे नव्हे, तर त्या ठिकाणी खलाशांना पेय आणि आसरा देणारे घर असल्याच्या परंपरेचे आहे. ही परंपरा खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण विटा, लाकूड आणि दगड यांच्याकडून तिचा पुरावा मागता येत नाही.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, कारण पहिल्या भागाचे खरे स्पष्टीकरणही त्यातच आहे. माझे ठाम मत असे की, नदीकाठच्या पबची ओळख त्याच्या दर्शनी चित्रावरून होत नाही. ती त्याच्या उभ्या छेदावरून, म्हणजे इमारत वरपासून खालपर्यंत कापल्यासारखी दाखवणाऱ्या रेखाटनावरून, होते. रस्ता, तळमजला, तळघर, नदीची भिंत आणि ओहोटीला उघडा पडणारा काठ ही पाच पातळ्या असलेली एक रेघ कागदावर काढली, की इमारतीचे बहुतेक सगळे विशेष आपोआप उलगडत जातात. केवळ रस्त्यावर उभे राहून काढलेल्या छायाचित्रात यांतले काहीही येत नाही.

वॉपिंगपुरते बोलायचे तर ही रेघ रस्त्यापासूनच सुरू करावी लागते. ज्या रस्त्यावर प्रॉस्पेक्ट आहे त्याचे नाव ‘वॉपिंग वॉल’ आहे, आणि ते नाव एका खऱ्याखुऱ्या बांधाचे आहे. येथील जमीन मूळची दलदलीची. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून नदीला समांतर बांध घालून ती कोरडी केली गेली, आणि सोळाव्या शतकात त्या बांधाच्या अंगाने घरे उभी राहू लागली. १५९८ साली लंडनचे वर्णन लिहिणाऱ्या जॉन स्टो यांनी या भागाचे चित्र काढले आहे ते नदीकाठाने सलग गेलेल्या एका अरुंद, घाणेरड्या वाटेचे आणि तिच्या कडेला राहणाऱ्या, खलाशांना अन्न व पेय पुरवणाऱ्यांच्या लहानलहान घरांचे. रस्ता म्हणजे बांधाचा माथा, आणि रस्त्याच्या दक्षिणेकडची घरे म्हणजे बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला, भर घालून मिळवलेल्या चिंचोळ्या पट्टीवर उभी राहिलेली घरे, अशी ही मांडणी आहे. प्रॉस्पेक्ट याच बाहेरच्या अंगाला आहे. त्यामुळे त्याला मागे पसरायला जागा कधीच नव्हती. पसरायचे तर वर, किंवा नदीवर.

थेम्सला येथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि उधाणाच्या दिवसांत दोहोंतील पातळीचा फरक सुमारे ७ मीटरपर्यंत जातो. ज्याने वाईचा किंवा नाशिकचा घाट पाहिला आहे त्याला पाण्याच्या बदलत्या पातळीसाठी पायऱ्या कशा बांधतात हे सांगायला नको. मात्र आपल्याकडे ती पातळी ऋतूप्रमाणे बदलते, आणि येथे ती सहा-सहा तासांनी बदलते. म्हणून थेम्सच्या पूर्व भागात ठरावीक अंतरावर नदीत उतरणारे दगडी जिने आहेत. त्यांवरून नावाडी उतारू घेत आणि सोडत, आणि जिन्याच्या तोंडाशी पब असे. प्रॉस्पेक्टच्या कुशीला ‘पेलिकन स्टेअर्स’ आहे, तर याच काठावरच्या ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’ या पबच्या कुशीला ‘वॉपिंग ओल्ड स्टेअर्स’ आहे. पब आणि जिना यांची ही जोडी योगायोगाची नाही. नदीवरून येणाऱ्या माणसाला जमिनीवर पाऊल ठेवताच जे घर लागायचे ते हे. त्यामुळे आज आपण जिला मागची बाजू म्हणतो ती त्या काळी अनेकांच्या दृष्टीने पुढचीच बाजू होती. रस्त्याकडचे दार शेजारपाजाऱ्यांसाठी होते आणि जिन्याकडचे बोळ जगासाठी होते.

या जगात आपलीही माणसे होती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे असे मला वाटते. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर कोकणातील खलाशी असत. परतीचे जहाज मिळेपर्यंत हिंदुस्थानी खलाशांना शॅडवेल आणि लाइमहाउस या लगतच्या वस्त्यांत दिवस काढावे लागत, आणि त्यांचे हाल पाहून १८५७ साली लाइमहाउसजवळ आशियाई व आफ्रिकी खलाशांसाठी एक निवासगृह उघडले गेले. या काठावरच्या घरांची रचना ज्या वर्दळीने घडवली, तिच्यात त्यांचाही वाटा होता.

काठावरची जागा मोलाची असल्यामुळे प्रत्येकाला नदीचे तोंड थोडेसेच मिळे आणि घर आत लांबत जाई. ‘टाउन ऑफ रॅम्सगेट’मध्ये शिरलेल्या माणसाला हे लगेच जाणवते : खोली नव्हे, तर एक लांब, निमुळती ओसरी आपल्याला रस्त्यापासून पाण्यापर्यंत नेते. परंतु या प्रकारचा सर्वांत प्रामाणिक नमुना पाहायचा असेल, तर मी लाइमहाउसमधील ‘द ग्रेप्स’कडे बोट दाखवीन. नॅरो स्ट्रीटवरची ही इमारत १७२० च्या दशकातील आहे, आणि त्या जागी १५८३ पासून पब असल्याचे मानले जाते. ती एका ओळीतल्या जुन्या घरांपैकी एक घर आहे. पब म्हणून वेगळी बांधलेली वास्तू नव्हे. रस्त्याला लागून एक खोली, तिच्यामागे नदीकडची खोली, मध्ये अरुंद जिना, आणि शेवटी पाण्यावर निघालेला लाकडी सज्जा. अठराव्या शतकातील लंडनच्या साध्या घराचा हाच आराखडा आहे, आणि पब त्यात केवळ राहायला आला आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या लेखनाशी या पबचे नाव जोडले जाते म्हणून लोक तेथे जातात. मी मात्र विद्यार्थ्यांना त्या दोन खोल्यांमधल्या भिंतीची जाडी आणि जिन्याची जागा पाहायला सांगेन, कारण पुढे मोठमोठे पब ज्या मांडणीतून वाढले तिचे बीज तेथे स्वच्छ दिसते.

नदीकडचा भाग लाकडाचा आणि रस्त्याकडचा विटांचा, असे या इमारतींत वारंवार आढळते. त्यामागे शोभेचा विचार नाही. पाण्याच्या कडेची भर घातलेली माती भार सोसत नाही. तिच्यात लाकडी खुंट ठोकून त्यांवर आडवी लाकडे टाकायची आणि मग भिंत उठवायची, अशी जुनी पद्धत होती. सतत भिजलेले एल्म किंवा ओक या झाडांचे लाकूड शतकानुशतके टिकते, कारण प्राणवायूशिवाय कुजवणारी बुरशी जगत नाही. पण जेथे लाकूड भरतीला भिजते आणि ओहोटीला सुकते त्या पट्ट्यात ते सर्वांत लवकर जाते. अशा पायावर विटांची उंच भिंत उभी केली की ती नदीकडे कलू लागते. म्हणून मागच्या बाजूला हलका लाकडी सांगाडा, त्यावर फळ्यांचे आच्छादन, आणि पुढे काढलेला सज्जा हा शहाणपणाचा मार्ग ठरला. जुन्या पबच्या कुशीच्या भिंतीवर इंग्रजी ‘एस’ किंवा ‘एक्स’ या अक्षराच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या दिसल्या, तर आतून गेलेल्या लोखंडी सळईने ती भिंत तुळयांना बांधून धरली आहे असे समजावे. त्या पट्ट्या म्हणजे इमारत कोणत्या दिशेला सरकत होती याची उघड नोंद आहे.

आता रस्त्याकडच्या भिंतीविषयी. लंडनमधील विटांच्या दर्शनी भागाचे वय ठरवण्यासाठी माझा पहिला आधार खिडक्या असतात, आणि त्यामागे कायद्याचा इतिहास आहे. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर मूळ शहरात लाकडी दर्शनी भागांवर बंदी आली. १७०७ च्या कायद्याने छपराखालच्या लाकडी कंगण्या बंद केल्या, म्हणून भिंत छपराच्या वर उठून कठड्यासारखी दिसू लागली. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून ४ इंच आत घ्यायला लावली, आणि १७७४ च्या कायद्याने सरकत्या खिडकीची वजने ज्या लाकडी पेटीत असतात ती पेटीच विटांच्या आड ढकलली. त्यामुळे चौकट भिंतीच्या पातळीत आहे, की आत आहे, की जवळजवळ दिसेनाशी झाली आहे, यावरून अंदाज बांधता येतो. मात्र हे नियम आधी शहराच्या गाभ्यात लागू झाले आणि वॉपिंग-लाइमहाउससारख्या वस्त्यांत ते गवंड्यांच्या सवयीतून हळूहळू पोहोचले; म्हणून नदीकाठी कायद्याचे साल हे इमारतीचे साल न मानता ‘त्याच्या आधीची असणे अवघड’ एवढाच निष्कर्ष काढावा. काचेकडेही पाहावे. काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरचा कर १८५१ साली. मोठ्या अखंड काचांचे पबमुख त्यानंतरचेच असण्याचा संभव अधिक.

दुसरा आधार म्हणजे विटांची रचना. जॉर्जियन काळातील, म्हणजे ढोबळमानाने अठराव्या शतकातील आणि एकोणिसाव्याच्या आरंभीच्या, दर्शनी भिंतीत एकाच थरात एक आडवी आणि एक उभी अशा आळीपाळीने विटा दिसतात, आणि पाहणाऱ्याची समजूत होते की उभी वीट भिंतीच्या पोटात खोल गेली आहे. प्रत्यक्षात चांगल्या प्रतीच्या विटा वाचवण्यासाठी गवंडी कित्येकदा ती अर्धी तोडून लावत. परिणामी बाहेरचा सुबक पापुद्रा आणि आतली ओबडधोबड भिंत यांचा एकमेकींशी फारसा संबंध राहत नाही, आणि काही पिढ्यांनंतर बाहेरचा पापुद्रा पोट काढतो. जुन्या इमारतीला नवे तोंड चढवतानाही नेमके हेच होते. दर्शनी भिंत आणि कुशीची भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यावर विटांचे थर एकमेकांत गुंतले आहेत, की तेथे वरपासून खालपर्यंत एक सरळ फट आहे, हे पाहावे. सरळ फट असेल तर समोरची भिंत मागाहून आली. ही खूण मला कोणत्याही पाटीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

आत शिरल्यावर मन सर्वांत आधी तुळयांकडे जाते, आणि फसगतही तेथेच अधिक होते. नदीकाठच्या जवळजवळ प्रत्येक पबमध्ये ‘या तुळया मोडीत काढलेल्या जहाजाच्या आहेत’ असे ऐकायला मिळते. लाकूड महाग होते आणि ते पुन्हा वापरले जाई, हे खरे. परंतु तुळईत दिसणारी रिकामी खाच एवढ्यानेच जहाज सिद्ध होत नाही. ती बहुधा दुसऱ्या एखाद्या पाडलेल्या घराची असते. जहाजाचे लाकूड ओळखायचे तर त्याला नैसर्गिक बाक असतो, त्यात लाकडी खिळ्यांची भोके दाट ओळीने असतात, आणि कडा फळ्यांशी जुळवण्यासाठी तिरप्या तासलेल्या असतात. या खुणा नसतील, तर लाकडाच्या वार्षिक वलयांची तपासणी होईपर्यंत काहीही बोलू नये. आणि तुळई करवतीने एकसारखी कापलेली, वर काळा रंग दिलेली आणि छताला केवळ चिकटवलेली असेल, तर ती विसाव्या शतकातील सजावट आहे असे निःशंक समजावे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणि त्यानंतर मद्यनिर्मात्या कंपन्यांनी पबांना जुनेपणाचा पोशाख चढवण्याची चाल पाडली होती. या पोशाखाची मला मनापासून खंत वाटते, कारण तो खऱ्या जुन्या भागांवरचा विश्वासही कमी करतो.

लांबलचक मद्यफळ्याविषयीही हेच लक्षात घ्यावे. ज्याच्यामागे उभे राहून पेय ओतून दिले जाते तो फळा आज आपल्याला पबचा आत्मा वाटतो, पण मूळ घरवजा पबमध्ये तो नव्हताच. बिअर तळघरातल्या किंवा मागच्या खोलीतल्या पिंपातून मडक्यात भरून आणली जाई. जोसेफ ब्रामा यांनी १७९७ साली हातपंपाचे एकस्व (पेटंट) घेतले, आणि नळीने तळघरातून बिअर वर खेचता येऊ लागल्यावरच एका जागी उभे राहून अनेकांना वाढण्याची सोय झाली. एकोणिसाव्या शतकात तो फळा वाढत गेला आणि त्याने खोल्यांची मांडणीच बदलून टाकली. प्रॉस्पेक्टमधील फळ्याचा माथा कथिलप्रधान मिश्रधातूच्या पत्र्याने मढवलेला आहे. असा माथा आता दुर्मीळ झाला आहे आणि त्याचे कौतुक अवश्य करावे. मात्र त्याच्याकडे बोट दाखवून सोळाव्या शतकाविषयी बोलू नये.

खोल्यांच्या आकारामागे कामगारांच्या जीवनाचा एक कठोर हिशेबही होता. नदीत उभ्या असलेल्या जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या मजुरांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काम मिळे ते पबमालकामार्फत. कामाची टोळी तेथे ठरे, मजुरी तेथे वाटली जाई, आणि जो तेथे पीत नाही त्याला टोळीत जागा मिळणे कठीण होई. १८४३ साली संसदेने कायदा करून या मजुरांच्या नेमणुकीसाठी स्वतंत्र कार्यालय काढले तेव्हा हा जाच कमी झाला. तळमजल्यावर बाकांनी वेढलेली, रस्त्यावरून आणि जिन्यावरून दोन्हीकडून येता येईल अशी मोठी, उघडीबोडकी खोली, आणि वर मालकासाठी व जहाजांच्या कप्तानांसाठी खिडकीतून नदीवर लक्ष ठेवता येईल अशी तावदानकाम केलेली खोली, ही विभागणी या व्यवहारातून आली आहे. वरच्या मजल्यावरील पुढे आलेली खिडकी देखाव्यासाठी ठेवली असे आज सांगतात. त्या काळी कोणते जहाज आले आणि कोणते सुटले हे कळणे म्हणजे पैसा होता.

या सगळ्याच्या अगदी उलट उदाहरण ग्रिनिच येथील ‘ट्रॅफल्गर टॅव्हर्न’चे आहे. ते १८३७ साली ग्रिनिच हॉस्पिटलचे वास्तुतज्ज्ञ जोसेफ के यांनी आखून बांधले. येथे घराचा पब झालेला नाही. नदीवरून येणाऱ्या प्रतिष्ठित पाहुण्यांच्या मेजवान्यांसाठीच वास्तू निर्माण झाली आहे. म्हणून नदीकडचे अंग हेच उघडपणे दर्शनी अंग केले आहे : पाण्यातून सरळ उठणारी भिंत, तिच्यावर अर्धगोल पुढे आलेल्या खिडक्या आणि ओतीव लोखंडाचे सज्जे, आणि वरच्या मजल्यावर मोठी दालने. मंत्री आणि राजकारणी तेथे लहान मासळीच्या प्रसिद्ध मेजवान्यांसाठी जमत. ग्रेप्समध्ये जे गरजेतून घडले त्याला ट्रॅफल्गरमध्ये वास्तुकाराने शिस्त दिली. दोन्ही एकाच आठवड्यात पाहिली तर शंभर वर्षांत नदीकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली हे समजते.

नदीच्या वरच्या अंगाला, हॅमरस्मिथ येथे, ‘द डव्ह’ हा अठराव्या शतकातील पब आहे. तेथे जहाजे नव्हती, म्हणून बांधणी ठेंगणी आणि घरगुती आहे, आणि सुमारे १.२७ मीटर बाय २.३९ मीटर एवढी त्याची एक खोली जगातील सर्वांत लहान मद्यखोली म्हणून नोंदली गेली. पण मी त्याचा उल्लेख दुसऱ्या कारणाने करतो. त्याच वाटेवर, थोड्याच अंतरावर, कवी व कारागीर विल्यम मॉरिस १८७८ पासून राहत होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली होती. जुन्या इमारतीवरचे काळाचे थर खरवडून तिला एखाद्या कल्पित मूळ रूपात नेऊ नये, रोजची निगा राखून तिला जगवावे, ही त्या संस्थेची भूमिका आजही इंग्लंडमधील जतनकामाचा पाया आहे. प्रॉस्पेक्टसारख्या वास्तूला ती तंतोतंत लागू पडते. १५२० चे रूप ‘परत आणण्यासाठी’ एकोणिसाव्या शतकाची दर्शनी भिंत काढून टाकली, तर हाती राहील ते केवळ एक नाटकाचे नेपथ्य.

वॉपिंगमध्ये असे पब एकेकटे उभे का दिसतात, हेही सांगायला हवे. १८०२ ते १८०५ च्या दरम्यान ‘वेस्ट इंडिया डॉक्स’ आणि ‘लंडन डॉक्स’ या बंदिस्त गोद्या उघडल्या, उंच तटांच्या आत मालाची चढउतार होऊ लागली, आणि काठावरच्या लहान घरांची जागा हळूहळू वखारींनी घेतली. मग दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षाव झाला, त्यानंतर मालपेट्यांच्या (कंटेनरच्या) जहाजांमुळे गोद्या ओस पडल्या, आणि लंडन डॉक्स १९६९ साली बंद झाले. पुढे वखारींची सदनिकांत रूपांतरे झाली. काही वखारींचे पबही झाले : जवळच असलेला ‘कॅप्टन किड’ १७०१ साली वॉपिंगला फाशी गेलेल्या चाच्याचे नाव धारण करतो, पण पब म्हणून तो १९८० च्या दशकातील आहे, आणि तो बसला आहे एका जुन्या वखारी धाटणीच्या इमारतीत. प्रॉस्पेक्टच्या मागे काठावर टांगलेला फास हाही असाच स्मरणार्थ उभारलेला देखावा आहे.

दुरुस्तीविषयी थोडे, कारण शेवटी इमारत टिकते ती त्यावर. नदीकाठच्या भिंती ओलावा शोषणारच. त्यांना तो पुन्हा हवेत सोडू देणे हा एकमेव उपाय आहे. जुन्या विटांचे सांधे सिमेंटने भरले की पाणी सांध्याऐवजी विटेतून बाहेर पडू लागते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचतात, आणि दहा-पंधरा हिवाळ्यांत विटेचे तोंड सुटते. म्हणून चुन्याचाच मसाला वापरावा आणि तो विटेपेक्षा मऊ असावा. दगडी फरशीखाली प्लास्टिकचा थर घालून काँक्रीट ओतल्यास जमिनीतील ओल कडेला सरकून भिंतीत चढते आणि तावदानकाम मागून कुजते. फरशी उचलायची वेळ आलीच तर प्रत्येक लादीला क्रमांक देऊन, चुन्याच्या थरावर, त्याच क्रमाने ती परत बसवावी. तळघरात पिंपातली बिअर ११ ते १३ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. त्यासाठी शीतयंत्र लावताना वायुवीजन बंद करून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. विजेची जोडणी आणि यंत्रे पुराच्या पातळीच्या वर घ्यावीत.

परवानग्यांची गुंतागुंत या जागांवर विशेष असते. संरक्षित वास्तूतील बदलांसाठी स्थानिक बरोची, म्हणजे लंडनच्या त्या विभागाच्या पालिकेची, संमती लागते. नदीवर निघालेल्या सज्ज्यासाठी किंवा काठावर रोवलेल्या खांबांसाठी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा वेगळा परवाना लागतो, कारण १९०९ पासून भरतीच्या थेम्सचा कारभार तिच्याकडे आहे. आणि इमारतीची मागची भिंत हीच पुष्कळदा पूरसंरक्षक भिंत असते, म्हणून भरतीच्या नदीपासून किंवा तिच्या संरक्षक भिंतीपासून १६ मीटरच्या आत खणायचे झाल्यास सरकारच्या पर्यावरण संस्थेलाही विचारावे लागते. १९८० च्या दशकापासून थेम्स बॅरिअर उधाणे अडवतो, तरीही या भिंतींची उंची आणि घट्टपणा यांची जबाबदारी काठावरच्या मालकाचीच राहते. म्हणूनच पबच्या मागच्या अंगणातून नदी पाहताना मध्ये उंच कठडा येतो. तो नवा आणि रुक्ष दिसत असला, तरी बांधाबाहेर घर करण्याची ती जुनीच किंमत आहे.

विद्यार्थ्याला माझी सूचना अशी. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीच्या सुमारास जावे आणि पाणी वळण्याआधी वर यावे. पेलिकन स्टेअर्सने खाली उतरून इमारतीच्या नदीकडच्या अंगाचे रेखाटन करावे : भिंतीचा पाया, तिच्यातील निरनिराळ्या विटांचे पट्टे, बुजवलेली दारे, लाकडी धक्काखांब, सज्ज्याचे आधार. काठावरून चालणे स्वतःच्या जबाबदारीवर करता येते, पण वस्तू शोधण्यासाठी किंवा उचलण्यासाठी परवाना लागतो, हे विसरू नये. त्यानंतर आत जाऊन फरशीची पातळी, नदीकडच्या खिडकीच्या उंबऱ्याची पातळी आणि रस्त्याची पातळी मोजावी व तिन्ही एकाच छेदात बसवाव्यात. तो छेद पूर्ण झाल्यावर, मग रस्त्यावर जाऊन दर्शनी भिंतीचे छायाचित्र घ्यावे.